पायरसीविरोधी मोहीम दहा आठवड्यांत कशी उभी केली : माझा अनुभव

मराठी चित्रपटाच्या प्रसिद्धीचं वेळापत्रक ठरतं तेव्हा त्यात टीझर, गाणं, ट्रेलर, मुलाखती, शहरांचे दौरे असं सगळं असतं. पायरसीविरोधी मोहीम मात्र प्रदर्शनाच्या आठवड्यात कुणाला तरी आठवते, आणि घाईघाईत नायक-नायिकेचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ येतो : ‘प्लीज, पायरसी करू नका.’ एका मध्यम बजेटच्या मराठी चित्रपटासाठी हे काम माझ्याकडे आलं तेव्हा हातात दहा आठवडे होते. तेवढे लागतातच. कोणत्या क्रमानं काय केलं आणि कुठे अडलं, ते लिहितो आहे.

सुरुवात लिहिण्यापासून केली नाही. बोलायचं कुणाशी, हे आधी ठरवलं. थिएटरात मोबाइल धरणारा, पैशांसाठी फाइल चढवणारा आणि घरच्या ग्रुपवर लिंक पुढे ढकलणारा ही तीन वेगळी माणसं आहेत. फाइल चढवणाऱ्यावर जाहिरातीचा काडीचाही परिणाम होत नाही. त्याच्यासाठी पोलीस आणि न्यायालय. पहिल्याला थिएटरात धाक हवा. मोहिमेचा खरा श्रोता तिसरा. तो स्वतःला चोर समजत नाही, त्यामुळे चोर म्हटलं की ऐकणंच थांबवतो.

अमेरिकेच्या मोशन पिक्चर असोसिएशनची २००४ सालची ‘तुम्ही गाडी चोरणार नाही’ ही जाहिरात याचं मोठं उदाहरण. अनेक डीव्हीडींवर ती पुढे सरकवून टाळता येत नसे. म्हणजे पैसे मोजून डीव्हीडी घेणाऱ्याला दरडावणी, आणि चोरीची प्रत बघणाऱ्याला थेट चित्रपट. ग्रोलो आणि म्युनिए या संशोधकांनी २०२२ मध्ये अशा संदेशांवर लिहिताना आणखी एक दोष दाखवला : ‘सगळेच करतात’ हे संदेशातूनच पोचलं की न करणाऱ्यालाही मोकळीक मिळते. म्हणून ‘लाखो लोक फुकट बघतात, कोटींचं नुकसान होतं’ ही वाक्यं पहिल्याच बैठकीत बाद केली. नुकसानीचे आकडे सरकारला आणि न्यायालयाला सांगायचे असतात, प्रेक्षकाला नव्हे.

पुढचा टप्पा मजकुराचा. पहिल्या खर्ड्यात ‘पायरेटेड चित्रपट पाहणे गुन्हा आहे, तीन वर्षे तुरुंगवास’ असं होतं. वकिलांनी ते खोडलं, आणि खोडलं ते बरोबरच. ऑगस्ट २०१६ मध्ये रोखलेल्या संकेतस्थळांच्या जागी जी सूचना दिसू लागली, तिच्यात नुसतं पाहणंही शिक्षापात्र असल्याचं छापलं होतं. देशभर घबराट झाली. शेवटी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं, की केवळ पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्यानं देणं हा आहे. खोटी भीती उघडी पडली की खऱ्या इशाऱ्यावरचाही विश्वास उडतो.

चित्रणाबाबतचा इशारा मात्र पक्का आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनं ६एए हे कलम चित्रणासाठी आणि ६एबी हे कलम बेकायदा प्रदर्शनासाठी आलं. शिक्षा किमान तीन महिने, कमाल तीन वर्षं. दंड किमान ३ लाख रुपये, आणि वरची मर्यादा निर्मितीच्या लेखापरीक्षित एकूण खर्चाच्या ५ टक्के. यातलं फक्त चित्रणाचं वाक्य आम्ही पडद्यावर घेतलं. शेवटी उरलेला मजकूर एवढाच : ‘थिएटरात चित्रपटाचं चित्रण करणं गुन्हा आहे. लिंक आली तर पुढे पाठवू नका, आम्हाला पाठवा.’ खाली एक व्हॉट्सॲप क्रमांक. ‘पाठवू नका’ एवढ्यावर थांबलं तर माणसाच्या हाताला काम उरत नाही. ‘आम्हाला पाठवा’ यानं ते मिळतं. या क्रमांकावर आलेल्या लिंका आमच्या स्वतःच्या शोधाला फार उपयोगी पडल्या, कारण बंद ग्रुपमध्ये आपल्याला डोकावता येत नाही.

हे बोलणार कोण? नायक नको, यावर मी ठाम होतो. मोठ्या गाडीतून उतरणाऱ्या माणसानं नुकसान सांगितलं तर तिकिटासाठी दहा वेळा विचार करणाऱ्याला ते भिडत नाही. अमेरिकेतल्या २००३ च्या मोहिमेत सेट रंगवणारा कारागीर पडद्यावर आणला होता, ती दिशा बरोबर होती. आम्ही आमच्याच युनिटमधला लाइटमन घेतला, एकच. दहा जणांचे चेहरे झरझर दाखवले की एकही लक्षात राहत नाही. त्याच्या तोंडी आधी ‘पायरसीमुळे माझं पोट मारलं जातं’ असं वाक्य होतं. ते खरं नाही; या चित्रपटाची त्याची रोजंदारी आधीच चुकती झालेली असते, आणि प्रेक्षकालाही ते कळतं. बदललेलं वाक्य : ‘हा पिक्चर चालला तर पुढचा होतो. पुढचा झाला तर मला काम.’ हे खरं आहे.

आता स्पॉट, म्हणजे थिएटरात दाखवायची छोटी जाहिरात. लांबी २० सेकंद, म्हणजे २४ फ्रेमच्या वेगानं ४८० फ्रेम. मोबाइल आणि टीव्हीसाठीचं काम अनेकदा २५ किंवा ३० फ्रेमवर केलेलं असतं; ते तसंच डीसीपीत, म्हणजे थिएटरात चालणाऱ्या डिजिटल प्रतीत, नेलं की हालचाल अडखळते किंवा आवाज मागेपुढे होतो. म्हणून चित्रणच २४ वर करावं. टूके या थिएटरातल्या रिझोल्यूशनमध्ये फ्लॅट (कमी रुंद) चौकट १९९८ गुणिले १०८० पिक्सेल, स्कोप (जास्त रुंद) २०४८ गुणिले ८५८. चित्रपट स्कोप असेल तर स्पॉटही स्कोप करावा, नाहीतर मध्ये लेन्स किंवा मास्किंग (पडद्याच्या कडेचे काळे पडदे) बदलावं लागतं आणि छोट्या थिएटरात ते कुणी करत नाही. मग मजकुराच्या वरखालच्या ओळी कापल्या जातात. बोलणं मधल्या सेंटर चॅनेलवर ठेवा. स्टिरिओ मिक्स डावी-उजवीकडे टाकला तर कडेला बसलेल्याला एकाच बाजूनं ऐकू येतं. जाहिरातींसाठी आवाजाची प्रचलित मर्यादा ८२ डेसिबल लेक-एम (सबंध जाहिरातीचा सरासरी मोठेपणा मोजायचं माप) आहे, ट्रेलरसाठी ८५. प्रत्यक्षात ऑपरेटर जाहिरातींच्या वेळी फेडर खाली आणतो, म्हणजे आवाज कमी करतो, त्यामुळे बोललेलं प्रत्येक महत्त्वाचं वाक्य पडद्यावर ठळक अक्षरांत असलंच पाहिजे.

इथेच सगळ्यात महाग पडू शकणारी चूक लपलेली असते. थिएटरात दाखवायचा प्रत्येक स्पॉट, जनहिताचा असला तरी, सेन्सॉर प्रमाणपत्र मागतो. स्पॉट वेगळा पाठवला तर प्रत्येक थिएटरनं तो आपल्या प्लेलिस्टमध्ये घालावा लागतो, आणि तालुक्याच्या एकपडदा थिएटरात तो राहूनच जातो. चित्रपटाच्याच डीसीपीत सुरुवातीला जोडला तर चुकत नाही, पण मग तो प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याआधी तयार हवा. दहा आठवडे लागतात ते यासाठी. मध्यंतराची जागा मागू नका. दिवे लागलेले असतात, लोक समोशाच्या रांगेत असतात. तंबाखूविरोधी संदेशाला खेटूनही नको. तिथे प्रेक्षकानं कान मिटलेले असतात.

अक्षरं आणि संगीत यांचे परवाने तपासणं ही पायरी कुणी गांभीर्यानं घेत नाही. २००४ च्या त्या अमेरिकी मोहिमेच्या एका पीडीएफमध्ये फॉन्ट घडवणारे जस्ट व्हॅन रॉसम यांच्या ‘एफएफ कॉन्फिडेन्शिअल’ या फॉन्टची नक्कल वापरल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. नेदरलँड्समध्ये पायरसीविरोधी जाहिरातीसाठी केलेलं संगीत संगीतकाराला न विचारता डीव्हीडींवर वापरलं गेलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. चोरीविरुद्ध बोलणाऱ्याच्या हातात चोरीचा फॉन्ट असेल तर मोहीम तिथेच संपते. आम्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट वापरला. त्याचा परवाना खुला आहे. जोडाक्षरं स्पष्ट दिसतात आणि मागच्या रांगेतूनही ‘चित्रण’मधला ‘त्र’ ओळखू येतो. संगीत ठेवलंच नाही, सेटवरचा खराखुरा आवाज ठेवला.

प्रदर्शनाआधीच्या प्रती हा मोहिमेचा भाग नाही असं निर्मिती विभागाचं म्हणणं असतं. पण फुटलेली प्रत आपल्याच घरातून गेली असेल तर प्रेक्षकाला विनंती कोणत्या तोंडानं करणार? २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ची प्रत प्रदर्शनाआधीच इंटरनेटवर आली, तेव्हा तिच्यावर ‘फॉर सेन्सॉर’ अशी अक्षरं होती. आम्ही डबिंग, पार्श्वसंगीत, उपशीर्षकं आणि वितरक यांच्यासाठी वेगवेगळ्या फाइली काढल्या. प्रत्येकीवर घेणाऱ्याचं नाव, तेही दर काही मिनिटांनी जागा बदलणारं, कारण एकाच कोपऱ्यातलं नाव कापून टाकता येतं. उपशीर्षकांसाठी काळीपांढरी, कमी दर्जाची फाइल पुरते. कुणाला कोणत्या तारखेला काय दिलं, याची एकच वही आणि ती एकाच माणसाकडे.

थिएटरातल्या प्रतीवर अदृश्य खूण असते. डीसीआय या हॉलिवूड स्टुडिओंच्या डिजिटल सिनेमा मानकाच्या नियमानुसार दर पाच मिनिटांच्या तुकड्यात ३५ बिटांची माहिती मुरवलेली असते : १६ बिट वेळेसाठी, दर पंधरा मिनिटांना नवी नोंद, १९ बिट सर्व्हरच्या ओळखीसाठी. त्यामुळे कॅम प्रिंट, म्हणजे पडद्यावरून कॅमेऱ्यानं चोरून घेतलेली प्रत, कोणत्या पडद्यावर, कोणत्या खेळाला काढली हे प्रयोगशाळेत कळू शकतं. मात्र आपल्याकडे डीसीआयबाहेरच्या यंत्रणेवर चालणारे पडदेही आहेत आणि त्यांची खुणेची पद्धत वेगळी असते. कोणत्या पडद्यावर काय आहे, याचा तक्ता वितरकाकडून आधीच घ्यावा. फाइल फुटल्यावर मागायला गेलं की आठवडा जातो.

डोअरकीपरसाठी एक पानाची मराठी सूचना केली, आणि या सगळ्या कामातला सर्वांत उपयोगी कागद मी तोच मानतो. कुणी चित्रण करताना दिसलं तर फोन हिसकावायचा नाही, क्लिप पुसायला लावायची नाही. पुसली की पुरावा गेला. व्यवस्थापकाला बोलवा, पडदा, आसन क्रमांक आणि वेळ लिहा, पोलिसांना कळवा. शीर्षकाची दहा सेकंदांची क्लिप स्टेटसला टाकणारा हौशी पोरगा आणि चित्रपटभर फोन स्थिर धरून बसलेला माणूस यांतला फरकही त्यात लिहिला. पहिल्याला समजावणं पुरतं.

प्रदर्शनाच्या शुक्रवारी पहिल्या खेळापासून शोध सुरू. यूट्यूबसाठी संदर्भ फाइल (जिच्याशी जुळवून यूट्यूब चोरीच्या प्रती ओळखतं ती) आधीच चढवलेली हवी, चित्राची आणि निव्वळ आवाजाची अशा दोन. कॅम प्रिंट आरशासारखी उलटवली किंवा झूम केली तर चित्र निसटतं, आवाज सापडतो. आवाजाचा स्वर बदलला तर उलट घडतं. गाण्यांचे हक्क म्युझिक कंपनीकडे असतील तर तेवढा भाग संदर्भातून वगळा, नाहीतर दोन दावे एकमेकांत अडकतात. समीक्षकांच्या आणि आपल्याच कलाकारांच्या वाहिन्या या तपासणीतून आधीच वगळून ठेवा. हे विसरलं की आपलाच ट्रेलर उडतो.

बाकी ठिकाणी नोटीस. कॉपीराइट नियम २०१३ मधल्या नियम ७५ प्रमाणे तिच्यात कलाकृतीचं वर्णन, मालकीचा पुरावा, प्रत बेकायदा कशी ते, नेमकी लिंक आणि दावा दाखल करण्याची हमी लागते. मध्यस्थाला, म्हणजे लिंक ज्या सेवेवर आहे तिला, ३६ तासांत ती लिंक बंद करावी लागते आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखवला नाही तर ती पुन्हा खुली होऊ शकते. नुसतं मुख्य पान कळवलं तर नोटीस निरुपयोगी. पूर्ण लिंक द्या. माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये पायरसीच्या तक्रारी घेणारे १२ नोडल अधिकारी नेमले. त्यांच्या सूचनेनंतर लिंक ४८ तासांत काढावी लागते. दोन्ही मार्ग एकाच वेळी धरावेत. प्रत्येक लिंकेचा तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट, डाउनलोड केलेली फाइल आणि तिचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकी ठसा) ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ते मूल्य लागतं. अज्ञात प्रतिवादीला आपल्याकडे ‘अशोक कुमार’ म्हणतात. त्या नावाचा आदेश प्रदर्शनाआधी घ्यायचा तर वकिलांकडे कागद तीन आठवडे आधी द्यावेत.

फाइल फुटल्यावर प्रसिद्धी विभागानं काय करू नये, हे वेगळं सांगायला हवं. ‘अमुक संकेतस्थळावर चित्रपट लीक’ अशी बातमी म्हणजे त्या संकेतस्थळाची फुकट जाहिरात. दिग्दर्शकानं रागानं स्क्रीनशॉट टाकला तरी तेच. कलाकारांना आधीच लिहून दिलं होतं : स्थळाचं नाव नाही, स्क्रीनशॉट नाही, ‘लीक’ हा शब्द शीर्षकात नाही. पत्रकारांनाही हीच विनंती केली, अनेकांनी मानली.

व्हॉट्सॲप क्रमांकावर लिंकांइतकाच दुसरा एक मजकूर येत राहिला : ‘आमच्या तालुक्यात लागलाच नाही, कुठे बघायचा?’ हा प्रश्न विचारणारा माणूस आपला प्रेक्षक आहे, त्याला उपदेश करणं अन्याय आहे. जिल्हावार थिएटरं आणि खेळांच्या वेळा यांची यादी रोज सकाळी दहापर्यंत नवी केली. परदेशातून विचारणाऱ्यांना जवळच्या मराठी मंडळाच्या खेळाची तारीख दिली. जिथे काहीच नव्हतं तिथले गाव-पिनकोड लिहून ठेवले आणि तो तक्ता दुसऱ्या आठवड्याच्या बुकिंगसाठी वितरकाकडे गेला; त्यातून काही ठिकाणी दुपारचा एक खेळ मिळाला. ओटीटीची तारीख पक्की झाली त्या दिवशी त्याच क्रमांकावरून सर्वांना ती कळवली, पिनकोडच्या यादीतल्यांना सगळ्यात आधी.