गिधाडाचं घरटं आणि कॉलम नंबर ७ : माझा अनुभव

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो, अर्जात "घरटे असलेल्या झाडाचे नाव" असा कॉलम असेल तर तो रिकामा सोडू नका आणि "लागू नाही" तर अजिबात लिहू नका. माझे साडेतीन महिने त्या एका कॉलमात गेले.

झालं असं की मला लांब चोचीच्या गिधाडाचं घरटं बघायचं होतं, अंड्यावर बसलेला पक्षी आणि नर-मादी पाळी कशी बदलतात ते. सोलापुरात राहून हे खूळ म्हणजे जरा अतीच, आमच्याकडं सगळा सपाट माळ, नन्नजला माळढोकासाठी अभयारण्य आहे पण कडा म्हणावा असं काही नाही, आणि या गिधाडाला कडाच लागतो. पांढऱ्या पाठीचं गिधाड मोठ्या झाडावर घरटं करतं, हे मात्र उभ्या कातळाच्या कपारीत, जिथं कोल्हा-मांजर सोडा माणूसही पोचू नये अशा जागी. मग सह्याद्रीतला एक कडा ठरवला. कुठला ते लिहिणार नाही, विणीची जागा एकदा सगळ्यांना कळली की रविवारी तिथं ड्रोन घेऊन पोरं हजर.

जागा जंगलाच्या हद्दीत, चार दिवस दुर्बीण लावून बसायचं तर लेखी परवानगी पाहिजे. आधार, फोटो, हमीपत्र वगैरे एका दुपारीत झालं. अर्ज मुद्दाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिला कारण यांची वीण साधारण नोव्हेंबर ते मार्च, वर्षाला अंडं एकच, आणि ते उबवायला ५० दिवसांच्या आसपास लागतात. म्हटलं डिसेंबरात परवानगी मिळाली तरी चालतंय.

ऑफिस कुठलं, कुठल्या गावचं, तेही लिहीत नाही. फॉर्म झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं मुंग्या मेल्यासारखी. कॉलम ७ झाडाचे नाव, ८ बुंध्याचा घेर, ९ झाडाची उंची. मी तिन्हीत "लागू नाही" लिहून दिलं. भाऊसाहेबांनी चहाची बशी बाजूला सरकवली, फॉर्मवरून बोट फिरवत सातवर आले आणि थांबले.

"झाडाचं नाव राहिलंय."

"साहेब, हे झाडावर घरटं करत नाही, कड्यावर करतं."

"बरोबर आहे. पण कुठल्या झाडावर?"

मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत. अर्ज ठेवून घेतला आणि अठरा दिवसांनी पोस्टानं परत आला, वर लाल पेनानं "त्रुटी पूर्तता करावी". परत गेलो, जाताना दोन पानी टिपण लिहून नेलं, कड्याचा फोटो लावला, फोटोत कातळावरचे पांढरे ओघळ लाल पेनानं गोल केले (ही शिट असते, वर्षानुवर्षं त्याच कपारी वापरतात म्हणून चुना ओतल्यासारखा दगड पांढरा होतो, तुम्ही कधी शोधायला गेलात तर पक्षी नाही, आधी हे ओघळ शोधा). भाऊसाहेबांनी टिपण नीट टाचणी लावून फाइलला जोडलं आणि म्हणाले, आता हे साहेबांपुढं ठेवतो. साहेब ट्रेनिंगला. मग साहेब दौऱ्यावर. मग साहेब आले पण फाइल दुसऱ्या टेबलावर.

तोवर जानेवारी उजाडला, इकडं गड्ड्याची जत्रा सुरू झाली, सगळं सोलापूर होम मैदानावर आणि मी एसटीत. मित्राचा फोन, "काय करालालास बे तिथं, गिधाडाची अंडी मोजालालास का?" त्याला काय सांगू, अंडं फुटायची वेळ आली आणि मी अजून झाड शोधतोय.

तिसऱ्या खेपेला ऑफिसात कुणीतरी मोबाइलवर अभ्यास करून ठेवलेला. "राजस्थानात हीच गिधाडं झाडावर घरटं करतात असं दिसतंय, मग आपल्याकडं का नाही?" आता गंमत बघा, हे खोटं नाही. जिथं कडे नाहीत तिथं राजस्थानात काही ठिकाणी झाडावर करतात, मध्य प्रदेशात ओरछाला तर जुन्या छत्र्यांवर करतात. पण आपल्याकडं कड्यांना काय तोटा आहे? मी चिडून म्हटलं, राजस्थानच्या गिधाडानं राजस्थानात अर्ज करावा. हे बोलायला नको होतं, त्यात अजून दोन आठवडे गेले. तिथं तोंड उघडायच्या आधी पाणी पिऊन घ्या.

सुटका केली ती शिपाईमामांनी. बाहेर बाकावर बसलो होतो, ते म्हणाले, "कपारीत कुठंतरी उंबर-पिंपळ असंलच की, लिवा उंबर आन् मोकळं व्हा." उंबर खरंच होता एक, वाकडा, घरट्यापासून लांब. पण खोटं लिहवेना. मग कॉलम ७ मध्ये कड्याच्या दगडाचंच नाव लिहिलं, "बेसाल्ट". ८ मध्ये "मोजता आला नाही". ९ मध्ये "अंदाजे २०० फूट". भाऊसाहेबांनी बोट फिरवलं, सातवर थांबले, पुढं गेले. शिक्का. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र हातात, त्यात "बेसाल्ट या वृक्षावरील घरट्याचे निरीक्षण" करण्यास परवानगी आणि अट क्रमांक ४, वृक्षास इजा पोहोचवू नये. वनरक्षक दादानं पत्र वाचलं, मान वर करून कडा बघितला, म्हणाला, "लई जुनं झाड आहे ओ." हा माणूस मात्र सोन्यासारखा, समोरच्या सोंडेवरची बसायची जागा त्यानंच दाखवली, तिथून पक्षी बिथरत नव्हते.

"हेतू" या कॉलममध्ये मी "अभ्यास" लिहिलं होतं, त्यावर कुणी काही विचारलं नाही. खरा हेतू वेगळा आहे. वडिलांचं जनावरांच्या औषधांचं दुकान, आता मी बघतो. डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधाची खोकी मीच लहानपणी सायकलवरून पोचवलीत. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याचं मूत्रपिंड बंद पडायचं. हे २००४ मध्ये नक्की झालं, २००६ ला जनावरांसाठी बंदी आली, तोवर ९० टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली होती. आता कुणी माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकची बाटली जनावराला मागायला आलं तर मी मेलोक्सिकॅम देतो, ते दुखण्यावर चालतं आणि गिधाडाला बाधत नाही, तेवढं तुम्हीही तुमच्या गावात विचारा.

अंडं अर्थातच हुकलं. पिल्लू बाहेर आलं होतं, राखाडी-पांढऱ्या कापसाचा गोळा, मान स्वतःलाच पेलत नाही. घरटं म्हणजे काटक्यांची पसरट रास, वर हिरवी पानं आणि एक निळ्या नायलॉन दोरीचा तुकडा. सूर्य कपारीत शिरला की एक पालक उठून अर्धवट पंख पसरून उभा राहायचा, पिल्लावर सावली, स्वतः उन्हात. दुसरा अकराच्या सुमाराला आला, गळ्याखालची पिशवी फुगलेली, मान खाली घालून ओकून पिल्लाला भरवलं आणि पहिला उडून गेला. यातला नर कुठला मादी कुठली ते दिसण्यावरून कळत नाही, दोघंही सगळं करतात. पहाटे पाचला जाऊन बसू नका, मी पहिल्या दिवशी बसलो आणि सोलापुरी चादर गुंडाळून कुडकुडलो, ऊन तापून हवा वर चढायला लागल्याशिवाय ही मंडळी हलतच नाहीत.

पिल्लू उडायला तीनेक महिने लागतात, तेवढं थांबणं दुकान सोडून जमलं नाही. यंदाचा अर्ज ऑक्टोबरातच दिलाय, जुन्या परवानगीची झेरॉक्स जोडून. परवा भाऊसाहेबांचा फोन आला होता, झाड तेच आहे ना म्हणून. तेच आहे म्हटलं.