सेफ्टीवालं की बिनसेफ्टीचं? आमची वाटचाल

आम्ही होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायची पिस्तुलाची चामडी म्यानं, शिवतो. पिस्तूल विकत नाही, दुरुस्तही करत नाही. तरी नवं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न होल्स्टरचा नसतोच. "स्वसंरक्षणासाठी घ्यायचंय, सेफ्टीवालं घेऊ की बिनसेफ्टीचं?" सेफ्टी म्हणजे अंगठ्याने लावायची छोटी कळ, लिव्हर. ती लावलेली असताना चाप (ट्रिगर) ओढला तरी गोळी सुटत नाही. आधी मी "ते विकणाऱ्याला विचारा" म्हणून मोकळा व्हायचो. एका दुपारनंतर ते बंद केलं.

बाबांचं काम पट्टे आणि बॅगांचं. होल्स्टर दादाने आणले. कुणीतरी उसवलेलं होल्स्टर टाके घालायला दिलं, दादाने ते पूर्ण उलगडलं, कापाचा कागद काढला आणि आठवडाभरात नवंच शिवून दिलं. चार जणांनी पाहिलं, चार ऑर्डरी आल्या. बॅगा कधी मागे पडल्या कळलंच नाही.

ती दुपार मात्र लख्ख आठवते. एक जुने गिऱ्हाईक आले आणि आम्हीच दोन वर्षांपूर्वी शिवलेलं होल्स्टर त्यांनी टेबलावर ठेवलं. रोजच्या घामाने आणि कमरेच्या दाबाने त्याचं तोंड मऊ पडलं होतं, एक कड आत मुडपली होती. पिस्तूल परत घालताना ती कड चापाभोवतीच्या कडीत शिरली. ते ढकलत राहिले आणि गोळी सुटली. पँटच्या बाहेरच्या अंगाला भोक पाडून ती फरशीत घुसली होती. मांडीला ओरखडाही नाही, पण सांगताना त्यांचे हात थरथरत होते आणि ऐकताना माझे. पिस्तुलात काहीच बिघाड नव्हता. चाप दाबला गेला, त्याने त्याचं काम केलं. दाबणारं बोट नव्हतं, आमचं चामडं होतं.

त्यांचं पिस्तूल बिनसेफ्टीचं होतं. दादा त्या रात्री एवढंच म्हणाला, "अंगठ्याची सेफ्टी लावलेली असती तर काहीच झालं नसतं." मला ते पटलं. पण आपली चूक पिस्तुलावर ढकलतोय असंही वाटलं. तो कापाचा नमुना आम्ही त्याच आठवड्यात बंद केला आणि ज्यांनी ज्यांनी तो नेला होता त्यांना फोन करून होल्स्टर परत मागवले. नव्या कामात तोंडाशी चामड्याचा दुहेरी थर घालून मध्ये पोलादी पट्टी बसवायला लागलो. पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडं राहिलं पाहिजे, हा आमचा पहिला नियम तेव्हापासूनचा.

मग मी या विषयाच्या मुळाशी जायला लागलो. जॉन ब्राउनिंगने घडवलेलं आणि अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये स्वीकारलेलं पिस्तूल घ्या. त्याच्या आधीच्या नमुन्यांवर अंगठ्याने लावायची सेफ्टी नव्हती. घोडदळाच्या मागणीवरून ती आली. घोडा बिथरला की स्वाराला एका हातात लगाम धरून दुसऱ्या हाताने ताणलेल्या घोड्याचं, म्हणजे मागे ओढून ठेवलेल्या हातोडीचं, पिस्तूल होल्स्टरमध्ये घालावं लागायचं. म्हणजे ही सेफ्टी जन्मालाच आली ती त्या क्षणासाठी, ज्या क्षणी आमचं चामडं आडवं आलं होतं.

दुसऱ्या टोकाला ग्लॉक नावाचं पिस्तूल. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये ते घेतलं. त्यात तीन सेफ्टी आहेत, पण तिन्ही आपोआप चालणाऱ्या आणि चाप ओढला की तिन्ही सुटणाऱ्या. पिस्तूल हातातून पडलं तर त्या वाचवतात. चापात काही अडकलं तर नाही. चाप सुमारे अडीच किलोंच्या जोराने सुटतो. जुन्या रिव्हॉल्वरचा घोडा न ताणता लांब चाप ओढायचा तर साधारण पाच किलोंपर्यंत जोर लागतो, म्हणून त्याला सेफ्टीची उणीव कधी जाणवली नाही. तो जडपणा हीच त्याची सेफ्टी.

एवढं कळल्यावर मी सरळ सेफ्टीच्या बाजूचा झालो आणि प्रत्येकाला तेच सांगायला लागलो. दादाला माझा उत्साह खटकायचा. त्याने मला आमच्याच सराव वर्गात उभं केलं. वर्गात गोळ्या नसतात, फक्त डमी काडतुसं. एक ताई आल्या होत्या. घरी एक पिस्तूल, सरावाला नवऱ्याचं दुसरं. एकाची सेफ्टी फ्रेमवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, अंगठा खाली दाबला की सुटणारी. दुसऱ्याची स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, वर ढकलली की सुटणारी. शिट्टी वाजली, त्यांनी झटकन नवऱ्याचं पिस्तूल काढलं, अंगठा सवयीने खाली गेला, चाप ओढला. काहीच नाही. त्यांनी पुन्हा ओढला, मग आणखी जोरात. पिस्तुलाकडे पाहायला त्यांनी मान खाली घातली तेव्हा हल्लेखोर झालेला समोरचा माणूस त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. वर्ग होता म्हणून तो थांबला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं, आणि मी ते आडपडदा न ठेवता सांगतो. चाप हलका आणि घोडा ताणलेला असेल तर सेफ्टी हवीच, तिथे चर्चा नको. लांब, जड चापाच्या रिव्हॉल्वरला ती नको. मधल्या पिस्तुलांना, म्हणजे आज बहुतेक लोक घेतात त्यांना, दोन्ही चालतं. २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलेल्या एम१७ पिस्तुलावर सेफ्टी आहे, तिथल्याच अनेक पोलिस दलांच्या ग्लॉकवर नाही. पण घेतलीत तर ती दर वेळी लावा आणि दर वेळी, गोळ्यांविना कोऱ्या सरावातसुद्धा, काढा. कधी लावलेली, कधी नाही, हे सगळ्यात वाईट, कारण मग अंगठ्याला काहीच ठाऊक नसतं. आणि एकच पद्धत ठेवा. घरात दोन पिस्तुलं असतील तर दोन्हींचा लिव्हर एकाच दिशेला सुटणारा हवा. डावखुऱ्यांनी लिव्हर दोन्ही बाजूंना आहे का, हे आधी पाहावं. घरात लहान मुलं असतील तर सेफ्टीवर विसंबूच नका. लिव्हर खाली करायला मुलाला किती वेळ लागतो? तिथे कुलूपबंद पेटीच लागते.

या सगळ्याने आमचं कामही बदललं. चामडं कोमट पाण्यात भिजवून आम्ही पिस्तुलाच्या निळ्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीवर चढवतो आणि हाडाच्या पट्टीने घासत चापाची कडी, स्लाइडची कड उठवतो. सेफ्टीवालं पिस्तूल असेल तर लिव्हरच्या जागी, शरीराच्या बाजूला, चामड्याचा उंच ओठ सोडतो. नाहीतर चालता-बसताना कंबर घासून लिव्हर हळूहळू खाली सरकतो आणि माणूस समजत राहतो की सेफ्टी लागलेली आहे. हा ओठ कापायला दादाला तीन महिने लागले. जास्त उंच झाला तर अंगठा अडकतो, कमी झाला तर लिव्हर उघडा पडतो.

आता ऑर्डर घेताना आम्ही पिस्तुलाचं नाव विचारतोच, पण त्याच्या आधी गिऱ्हाइकाच्या हातात निळी प्रतिकृती देतो आणि दहा वेळा काढून परत घालायला सांगतो. घालताना डोळ्यांनी होल्स्टरचं तोंड पाहायचं, सदऱ्याचा सोगा बाजूला घ्यायचा, बोट कडीबाहेर सरळ, आणि सावकाश. काढायची घाई असू शकते, परत घालायची कधीच नसते. मी समोर बसून फक्त त्यांचा अंगठा पाहत असतो. दहाव्या वेळेपर्यंत तो न सांगता लिव्हरवर गेला तर सेफ्टीवालं घ्या म्हणतो. नाही गेला तर अजून दहा वेळा.