गळ्याची पट्टी

1962 च्या नोव्हेंबरात मी साताऱ्यातल्या एका मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवत होते. नोकरीचं दुसरंच वर्ष. चीनने 20 ऑक्टोबरला हल्ला केला, आणि आपली पोरं सुती कपड्यांत, कॅनव्हासचे बूट घालून बर्फात उभी आहेत हे घरोघरी कळलं. ठिकठिकाणी बायका संरक्षण निधीला बांगड्या, मंगळसूत्रं देत होत्या. आमच्या गल्लीत सोनं फारसं नव्हतं. शाळा सुटली की बायका माझ्या वर्गात येत आणि हिरवट खाकी लोकरीचे स्वेटर विणत. मापं मी फळ्यावर लिहून द्यायची.

21 तारखेला सकाळी रेडिओवर युद्धबंदीची बातमी आली. दुपारी कुणी येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्या आल्या. एक सून म्हणाली, "आता विणायचं कशाला?" दिवाळीपासून जिच्या मुलाचं पत्र नव्हतं त्या मावशींनी सुई न थांबवता विचारलं, "पोरं खाली उतरली व्हय अजून?"

चौतीस स्वेटर तयार होते. सकाळी गठ्ठा कचेरीत द्यायचा होता. शेजारचे निवृत्त सुभेदारकाका बघायला आले. महायुद्धात इटलीच्या डोंगरात त्यांनी हिवाळा काढला होता. त्यांनी एक स्वेटर उचलून डोक्यातून घातला. तो कानांवर अडकला. दुसरा घेतला, तोही अडकला.

"बाई, बोटं बधिर झाल्यावर हे अंगात कसं घालायचं? आणि भिजल्यावर काढायचं कसं?"

माझ्या पोटात गोळा आला. गळ्याचं माप मी वर्गातल्या मुलींवरून घेतलं होतं, आणि शेवटचे टाके बारीक सुईने घट्ट बंद करायला मीच शिकवलं होतं. दिसायला पट्टी सुरेख बसायची. एवढ्या मायेने केलेली वस्तू ऐन थंडीत कुणाच्या अंगावर चढलीच नसती. आजही ते आठवलं की मला कसंतरी होतं.

मी सगळ्यांना सरळ सांगितलं, चूक माझी आहे. कुणी एक शब्द बोललं नाही. घरी निरोप गेले, कंदील आले. चौतीस गळे उसवले. उसवलेली लोकर कुरळी होते, सुईवर नीट बसत नाही. ती मांडीवर ओढून सरळ करत टाके पुन्हा उचलायचे, या वेळी जाड सुईने आणि सैल हाताने. हात चालत होते, तोंडंही. आपल्या कराडचे यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेलेत, म्हणजे हे स्वेटर नक्की पोचणार, असं एकीने ठामपणे सांगितलं.

माप पुन्हा बघायला रात्री सुभेदारकाकांना कुठे उठवायचं? मावशींचा अंबाडा भला मोठा होता. त्या म्हणाल्या, "ह्याच्यावरनं गेला तर कुणाच्याबी डोक्यातनं जाईल." एकेक गळा पुरा झाला की त्या डोकं पुढे करायच्या, आम्ही स्वेटर घालून काढायचो. पहाटेपर्यंत चौतीसही त्यांच्या अंबाड्यावरून गेले. प्रत्येक वेळी त्या बाही मनगटापर्यंत ओढून बघत होत्या.