बॅलरॅटचं चिमूटभर सोनं

काल आईबाबांना बॅलरॅटला नेलं. मेलबर्नहून गाडीने जेमतेम दीड तास. "एवढं लांब येऊन जुनी घरं काय बघायची?" हे आईचं वाटेतलं पालुपद.

सॉव्हरिन हिल म्हणजे १८५०च्या दशकातलं, सोन्याच्या मागे धावणाऱ्यांचं गाव, पुन्हा उभं केलेलं. तिथल्या ओहोळात पत्र्याची थाळी घेऊन स्वतः सोनं शोधता येतं. आईने थाळी हातात घेतली आणि तांदूळ पाखडावेत तशी फिरवायला लागली. वाळू, खडे हळूहळू बाहेर, जड ते तळाशी. बाबा शेजारी उकिडवे बसून, "सराफांच्या गुजरीतले, धुळीतून सोनं वेचणारे झारेकरी असंच तर करायचे!" पाणी बर्फासारखं, बोटं लाल झाली, पण बाई उठेना. पाऊण तासाने थाळीच्या कडेला तिळाच्या निम्म्याहून लहान असं काहीतरी चमकलं. आनंद मात्र पाटल्या केल्यासारखा!

नंतर युरेका सेंटर. परवान्याच्या जाचक फीविरुद्ध खाणकामगारांनी ३ डिसेंबर १८५४ला इथे लढा दिला. त्यांचा निळा झेंडा अंधाऱ्या खोलीत ठेवलाय. लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेलेत, त्यामुळे भगदाडं पडलेली. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ गप्प उभे होते.

वेंडूरी तळ्यावर काळे हंस आहेत. १९५६च्या ऑलिम्पिकची नौकानयन स्पर्धा इथेच झालेली. आम्ही मात्र थंडीने कुडकुडत डब्यातले मेथीचे ठेपले संपवले.

सोन्याचा तो कण बाटलीत घालून आईने देव्हाऱ्यात ठेवला आहे.