शेपटी

मेमरी कार्ड रिकामं करायला म्हणून बसले आणि दुपार त्यातच गेली. रविवारी पहाटे पक्षी बघणाऱ्यांच्या क्लबबरोबर पुन्हा पाणथळीवर जायचंय आणि कार्ड गच्च भरलेलं. उघडून बघते तर चारशे अकरा फोटो एकट्या धोबी पक्ष्याचे! डोकं स्वच्छ, डोळ्यात उजेडाचा बारीक ठिपका, पायाखालच्या चिखलाचा कण न् कण मोजून घ्यावा असा. आणि शेपटीच्या जागी ओल्या ब्रशनं ओढल्यासारखा फराटा. चारशे दहा फोटोंत फराटा. एकात नाही. त्या एकाबद्दल पुढे सांगते.

दोष उजेडाचा, असं मी सगळ्यांना सांगते. डिसेंबरातल्या सकाळी पाण्यावर धुकं बसलेलं असतं, शटर सेकंदाच्या १/१६० पेक्षा वेगानं मारायची सोय नसते, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची भूक, चढवला तर फोटोभर रवा सांडतो. ऊन आलं म्हणून खूश व्हावं, तर थोड्या वेळानं पाण्यावरची हवा अशी लहरायला लागते की ६०० मिमीच्या लेन्समधूनही लांबचं बदक उकळत्या आधणातून बघितल्यासारखं दिसतं. मधे तास-दीड तास काय तो आपला. त्या तास-दीड तासात धोब्यानं क्षणभर शेपटी थांबवावी, एवढीच माझी मागणी. वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव, हिमालयातून नाहीतर त्याच्याही पलीकडून उडत आलेला, दमला असेल, जरा टेकेल, असं आपल्याला वाटतं. तो टेकतो. शेपटी टेकत नाही.

ती का हलवतो यावर अभ्यासकांचं एक म्हणणं असं, की शिकाऱ्याला तो कळवत असतो: मी जागा आहे, उगाच दमू नकोस. असेलही. पण आसपास चिटपाखरू नसताना त्याला तासभर शेपटी हलवताना मी बघितलंय. मला तर ती बसल्या बसल्या गुडघा हलवणाऱ्या माणसांसारखी खोड वाटते. आमच्या आजीला तशी माणसं खपत नसत. समोरच्याच्या गुडघ्यावर सरळ हात ठेवायची, मग तो पाहुणा असो की जावई.

पण हा पक्षी तिच्या लाडाचा. थंडीत सकाळी ऊन खायला ती मला नदीवर घेऊन जायची. दगडांवर ऊन आलेलं असायचं, पाण्यातून वाफ निघत असायची आणि बरोबर मधल्या काळ्या दगडावर तो. काळं डोकं, पाठ काळी, त्यावर चुन्याचं बोट ओढावं तशी पांढरी भुवई. आजी म्हणायची, "परीट आला गं, थंडी आली." मी श्वास धरून पुढे सरकायची. तीन दगड उरले की तो चिट् करून उडायचा, हवेत दोन गोते खायचा आणि पलीकडच्या दगडावर उतरून पुन्हा तेच, वर-खाली, वर-खाली. मला पकडायचं वगैरे काही नव्हतं. ती शेपटी हातात धरून थांबवता आली तर पुढे काय होईल, एवढंच बघायचं होतं.

क्लबबरोबरच्या पहिल्याच फेरीत हे मी कौतुकानं सांगितलं. आमच्या क्लबात सरळ दोन जाती आहेत, कॅमेरेवाले आणि दुर्बिणवाले. दुर्बिणवाल्यांचे म्होरके काका. त्यांच्या दुर्बिणीचा पट्टा केव्हाच तुटलाय, तिथे सुतळी आहे. खिशात वही. वहीचा नियम असा, की 'बहुतेक' हा शब्द लिहायचा नाही. झुडपात खाकी रंगाचं काहीतरी टक् टक् करून गेलं की बाकीचे आपापल्या परीनं नावं सुचवतात; काका लिहितात, "वटवट्या. कोणता ते कळलं नाही." आणि समाधानानं पान उलटतात.

काकांनी माझी गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. मग विचारलं, "भुवई पांढरी होती?"

"हो."

"डोकं काळंच? पाठही?"

"हो, काका."

"मग तो पाहुणा नव्हे. पांढऱ्या भुवईचा धोबी. कवड्या धोबी म्हणतात. तो बारा महिने इथलाच. थंडीत येतो तो हा," आणि समोर चिखलावर बोट. राखाडी पाठीचा, पांढऱ्या तोंडाचा, गळ्याखाली काळा डाग असलेला एक नाजूक जीव. शेपटी अर्थात चालू.

दिवसभर मी काकांवर रुसून होते. आजी वारल्यावर इतक्या वर्षांनी कुणी तिची चूक काढायची काय गरज होती? घरी येऊन बसले तेव्हा हळूहळू उलगडत गेलं. पावसाळ्यात ते दगड पाण्याखाली असत. उन्हाळ्यात सकाळी उठून ऊन खायला कोण जातंय? त्या वेळी तो तिथेच कुठल्यातरी भोकात पिल्लं वाढवत असणार. परीट कुठेच गेलेला नव्हता. थंडीत नदीवर येत होतो ते आम्ही.

असो. नावांचं मला तसंही वेड आहे. थिरथिरा हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं तो पक्षी नक्की पाच मिनिटं न हलता बघितला असणार. त्याचीही शेपटी थरथरते. शेकाट्याचे काटक्यांसारखे पाय पाहिल्यावर दुसरं नाव सुचूच नये. थापट्या बदकाची चोच कुंभाराच्या थापटण्याची आठवण करून देते. चक्रवाकाचं मात्र कवींनी फारच लावून धरलं. रात्रभर विरहात रडणारी जोडी म्हणे! मी पाहिलेल्या जोड्या चिखलात शेजारी शेजारी उभ्या राहून एकमेकांवर आँग आँग ओरडत होत्या. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात काका शाळेतल्या मुलांना घेऊन हिंडतात आणि एकाही मुलाला 'बहुतेक' म्हणू देत नाहीत.

आता एक कबुली. मागच्या वर्षी भिगवणला गेलो होतो. उजनी धरणाचं पसरलेलं पाणी, उथळ कडेला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, माना पाण्यात उलट्या घालून चरत होते. माझ्याकडे चरणाऱ्या रोहितांचे फोटो पुष्कळ झाले होते. पंख उघडल्यावर आतला लाल आणि काळा रंग दिसतो, तो हवा होता. नावाड्याला मीच म्हटलं, "दादा, जरा जवळ घ्या ना." त्यानं घेतलं. रोहितांनी आधी माना वर काढल्या. मग सगळे एका दिशेला चालायला लागले, मग भराभर, मग पाण्यावर पळत पळत उठले. फोटो अप्रतिम आला. क्लबात वाहवा झाली. काका होडीच्या मागच्या टोकाला बसले होते, काही बोलले नाहीत. उतरल्यावर त्यांनी वही उघडून मला दाखवली. रोहितांच्या पुढचा आकडा कोरा. शेजारी: "मोजता आले नाहीत. उडवले." कुणी उडवले ते लिहिलेलं नव्हतं. परत जायच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायला आलेले पक्षी आपल्या एका चौकटीसाठी चरणं सोडून उठतात, हे मला तेव्हाही माहीत होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

तर तो एक फोटो. पाहुण्या धोब्याचा. धुकं विरलं होतं, हवा लहरायला लागायची होती, शटर १/२००० वर नेता आलं, आणि शेपटी मिळाली. एकेक पीस वेगळं. कडेची पांढरी पिसं इस्त्री केल्यासारखी. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून काकांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितला.

"ओळखायला उत्तम आहे," म्हणाले. "पण पेंढा भरलाय असं वाटतंय."

दुपारभर मी त्या एका फोटोवरून चारशे दहांवर आणि चारशे दहांवरून त्या एकावर जात राहिले. सगळे निवडले. 'नक्की हटवायचे?' असं विचारणारी चौकट आली. ती तशीच ठेवून खिडकीशी जाऊन आले. परत येऊन 'नाही' दाबलं.

शेवटी थापट्यांचे दीडशे काढून टाकले. बदकं बिचारी स्थिर बसतात.