खिडकीला गज नव्हते

२७ फेब्रुवारी २००८. आम्ही तेव्हा सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये राहायचो. रात्री बातम्यांत कळलं, व्हिटली रोडच्या कोठडीतून मास सलामत कस्तारी पळाला. जेमाह इस्लामिया या दहशतवादी संघटनेचा तिथला म्होरक्या, एका पायाने लंगडणारा. घरच्यांच्या भेटीआधी स्वच्छतागृहात गेला आणि खिडकीतून निसटला. त्या खिडकीला गजच नव्हते!

तो दुपारी चारला पळाला होता. आम्हाला कळेपर्यंत चार तास गेले. तेवढा वेळ माझी लेक खाली एकटी सायकल चालवत होती. ते चार तास माझ्या मनातून अजून जात नाहीत.

मग सगळ्यांच्या मोबाइलवर त्याचा फोटो आला. आमच्या लिफ्टपाशीही चिकटवला. शेजारच्या मलय मुस्लिम काकू, ज्यांच्या भरवशावर मी लेकीला सोडून कामावर जायचे, त्या फोटोपाशी आल्या की मान खाली घालायच्या. मला ते बघवायचं नाही. त्यांचा काय दोष?

गृहमंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी संसदेत माफी मागितली, चौकशी समितीने चुका उघड मांडल्या. याचं मोल मला आहे. २००९च्या एप्रिलमध्ये मलेशियात, जोहोरला, तो सापडला.

आणि २०१०मध्ये सरकारनेच सांगितलं की पळाल्यावर तो भावाच्या घरी लपला होता. टॅम्पिनीसमध्ये. पुतणीने त्याचा चेहरा रंगवून, डोक्याला स्कार्फ बांधून त्याला बाहेर काढलं होतं. त्या रात्री मी उठून दाराची कडी दोनदा तपासली.