तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला कुठला कोर्स लावू?

गणपतीत कुणाकडेही आरतीला गेलं की प्रसाद हातात पडायच्या आत हा प्रश्न येतोच, "मॅडम, ह्याला आता कुठला कोर्स लावू, पायथन की एआय?" मी रत्नागिरीत बीएस्सीच्या पोरांना गणित शिकवते म्हणून विचारतात, अगदी काळजीने विचारतात, त्यामुळे एकदा नीट सांगते.

कोर्स लावा की, चांगला बघून कुठलाही लावा. पण 2022च्या पावसाळ्यात एफवायला आलेली माझी बॅच मला आठवते, दिवाळी झाली, नोव्हेंबर संपता संपता चॅटजीपीटी आलं आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत सगळंच बदललं. अशा वेळी हातात बसलेली रीत सोडून दुसरी धरता येते का, हे मी आधी बघते. मानसशास्त्रात याला बौद्धिक लवचिकता म्हणतात.

अब्राहम लुचिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाची पाण्याच्या भांड्यांची गणितं आहेत, 1942 सालची, ती मी वर्गात घातली. भांडी 21, 127 आणि 3 लिटरची, मोजून द्यायचंय 100 लिटर. 127 मधून एकदा 21 काढायचे आणि दोनदा 3, झालं. अशी पाच गणितं त्याच रीतीने सुटली. सहाव्याला भांडी 23, 49, 3 आणि हवेत 20. बहुतेकांनी 49 मधून 23 काढले, मग 3, मग परत 3. अहो, 23 मधून 3 काढले की झालं ना!

एका मुलीच्या वहीत मात्र 23 वजा 3 लिहून खोडलेलं होतं आणि खाली ती लांबलचक रीत. का गं खोडलंस, विचारलं तर म्हणाली, "आधीची पाच तशीच होती ना मॅडम, मला वाटलं मार्क जातील."

त्या रात्री झोप लागली नाही मला. तिला सुचलं होतं हो! खोडायला आम्ही शिकवलं, ठरलेली स्टेप नाही म्हणून वर्षानुवर्षं अर्धा अर्धा मार्क कापून.

लुचिन्सने काही जणांना मधेच कागदावर 'आंधळेपणाने करू नका' असं लिहायला लावलं होतं, तेवढ्यानेही बरेच जण सावध झाले. म्हणून आता माझ्या वर्गात आठवड्याला एक गणित दोन रीतींनी करायचं आणि कुठली का बरी ते बोलून दाखवायचं. परीक्षेला येणार का, असं सुरुवातीला सगळेच विचारतात.

फी भराच तुम्ही. पण घरी पोराने आंब्याच्या पेट्यांचा हिशेब तुमच्यापेक्षा वेगळ्या रीतीने मांडला तर आधी पुरता ऐकून घ्या, बरोबर येतोय का बघा, मग काय ते बोला.